भादव्यातली जवारी

पाऊस मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते मला तेलुगू वाचता येत होतं म्हणून. दुसरं काही कारण नाही. माझं माहेर मुधोळचं. तिथं घरात मराठी, बाजारात मराठी, पण शाळा तेलुगू, आणि त्या शाळेत मी दहावीपर्यंत टिकले होते. लग्न होऊन तलमडुगूच्या अंगाला आले तर सासरच्या अख्ख्या गल्लीत तेलुगू वाचणारी मी एकटी. कचेरीचा कागद आला की माझ्याकडे, औषधाची बाटली आली की माझ्याकडे, बसची पाटी वाचायची तरी मीच. त्यामुळे ऐंशीचं दशक संपता संपता गावात एक जीप आली आणि त्यातल्या साहेबांनी तेलुगूत काहीतरी विचारलं, तेव्हा लोकांनी सरळ आमच्या दाराकडे बोट दाखवलं.

साहेब तरुण होते, आमच्या ह्यांच्याच वयाचे. शेतीच्या संशोधन केंद्रातून आले होते. त्यांना उघडं अंगण हवं होतं, जवळ झाड नको, भिंत नको, आणि रोज सकाळी न चुकता मोजणारं माणूस हवं होतं. आमच्या अंगणात त्यांनी एक पत्र्याचं नळकांडं पुरलं. त्याला वर तिफणीच्या बी सोडायच्या चाड्यासारखं पसरट तोंड. रात्री पडलेलं पाणी सकाळी काचेच्या भांड्यात ओतायचं आणि रेघ बघून लिहायचं, एवढंच काम.

माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. साहेब गेल्यावर म्हणाल्या, "पाऊस पडला का नाई हे अंगाले कळते. त्याले नळकांडं काऊन पायजे?"

"किती पडला ते कळायला," मी म्हटलं.

"कळून काय करतं? जास्त झाला तं वापस देतं का?"

आता हिला काय सांगायचं? आणि खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं कळून काय करायचं ते. पण माझ्या पायाला जन्मापासून भिंगरी. रिकामं बसणं मला जमत नाही. पाऊस मोजायला लागले आणि तो नादच लागला. ढग भरून आले की स्वयंपाक अर्धा टाकून अंगणात. पाऊस येऊन गेला की सकाळची वाट बघवायची नाही. हे म्हणायचे, तू घरात नांदून राह्यली का अंगणात? बोलू देत. मोजता मोजता मला एक गोष्ट खटकायला लागली. मृगात पाऊस यायचा, श्रावणात झोडपून काढायचा, आणि पोळा झाला की जायचा तो जायचाच. दुसऱ्या वर्षीही तेच. मला वाटलं, त्या त्या सालची लहर असेल.

पावसाचे साहेब, गावात त्यांचं हेच नाव पडलं होतं, महिन्यातून एकदा येऊन माझे आकडे घेऊन जायचे. त्यांना मी हे बोलून दाखवलं. ते एकदम सरसावून बसले. म्हणाले, लहर नाही. त्यांनी जुन्या तहसील कचेरीतले निजामाच्या काळातले पावसाचे कागद काढले होते. ते उर्दूत, म्हणून एका म्हाताऱ्या मुन्शीला समोर बसवून वाचून घेतले होते. "पाऊस फार कमी झालेला नाही अम्मा," ते म्हणाले, "पण पूर्वी तो दसऱ्यापर्यंत थांबायचा. आता बऱ्याच सालांत आधीच निघून जातो. हवामान सरकत चाललंय आणि तुमची जोन्ना आहे तिथंच आहे."

जोन्ना म्हणजे तेलुगूत जवारी. आमच्याकडची जुनी जवारी पिवळी, उंच, बाप्यामाणसाच्या डोक्यावरून जाणारी. पावसाळ्यात पेरायची आणि दिवाळीनंतर तिचा दाणा भरायचा. तिला पोटरीतून, म्हणजे पानांच्या गाभ्यातून, कणीस बाहेर काढायला पाणी लागायचं नेमकं तेव्हा, जेव्हा पाऊस गेलेला असायचा. लागोपाठ कितीतरी सालं कणसं अर्धी पोकळ येत होती. लोक म्हणायचे, देवाची मर्जी. मीही म्हणत होते. पण साहेब बोलून गेले आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

साहेबांकडे एक बुटकी जवारी होती. तीही त्याच वेळी पेरायची, पण ती भादव्यातच दाणा भरायची, म्हणजे पाऊस जाण्याच्या आत. संकरित नव्हे, त्यामुळे तिचं बी घरचं ठेवता येणार होतं. साहेब म्हणाले, गावात कुणीतरी एकानं करून दाखवा, बाकीचे बघतील.

एकानं म्हणजे कुणी? अर्थात पाऊस मोजणाऱ्या बाईनं.

इथं घोडं अडलं. आमची बाकीची जमीन कापसाची, ती ह्यांची. ओढ्यापलीकडचं एक शेत मात्र आत्याबाईंचं. कागदावर नव्हे, पण घरात त्याबद्दल वाद नव्हता. त्या शेतात फक्त जवारी पेरायची, ती विकायची नाही, वर्षभर खायची. आत्याबाई भात खात नसत. रेशनवर स्वस्त तांदूळ मिळायला लागल्यापासून गावात बऱ्याच घरी भात शिजू लागला होता, पण ह्या बाईनं हात लावला नव्हता. भात खाल्ला की म्हणे पोटात काही गेल्यासारखंच वाटत नाही. दोन्ही वेळा भाकर, भाजी असो नसो. आणि त्या भाकरीचं शेत मी मागत होते.

मी मागं लागले ते लागलेच. जेवताना, वेचणीच्या वेळी, पाण्याला जाताना. त्यांचं एकच पालुपद, बुटक्या जवारीचा कडबा केवढासा होणार, बैलं काय खाणार? मी म्हणायची, बैलांना कापसाच्या बांधावरचं गवत घालू, माणसं काय खाणार ते बोला. त्या साली होळीलाच आमची जवारीची कणगी तळाला गेली. बाजारातून विकतची जवारी आणली, तिला ना चव ना चिकटा. भाकर थापता थापता मधोमध फाटायची. एक दिवस त्यांच्या हातात तिसऱ्यांदा भाकर फाटली, तेव्हा त्यांनी पीठ परातीत आपटलं.

"पेर तुही बुटकी," म्हणाल्या. "पन एक ध्यानात ठेव पोरी. तुह्या नळकांड्यावर माही भाकर ठेवून राह्यली मी."

मी ध्यानात ठेवलं. ठेवायचं नसतं तरी त्यांनी विसरू दिलं नसतं.

पेरली. उगवण चांगली झाली. पोळ्याच्या आधी आमच्या शेतात कणसं डोकवायला लागली तेव्हा गावातून लोक बघायला आले. आजूबाजूला सगळ्यांची उंच जवारी नुसती हिरवीगार पानांची, आणि मध्ये आमची बुटकी निसवलेली. कुणी हसलं, बारक्या पोराला मिशा आल्या म्हणून. हसू देत. मग पोळा झाला आणि पाऊस गेला. खरंच गेला. मी रोज सकाळी जाऊन बघायची, नळकांडं कोरडं ठणठणीत. लोकांच्या उंच जवारीची पानं दुपारी गुंडाळायला लागली आणि आमच्या कणसात दूध भरलं. दाणा नखानं दाबला की पांढरं पाणी यायचं. मी एक कणीस तोडून आत्याबाईंच्या हातात दिलं. त्यांनी दाणा चावून बघितला आणि उरलेलं कणीस पदरात बांधलं. ह्या बाईनं तेवढं केलं म्हणजे फार झालं. मी त्या दिवशी गावातून ताठ मानेनं फिरले, खोटं कशाला बोलू.

आणि मग पाखरं आली.

जवारीला पाखरं येतात हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? गावात लहान मूलसुद्धा सांगेल. पण आमच्याकडे राखण बसते ती दिवाळीनंतर. त्याची रीतच आहे. सगळं शिवार एकदम दाण्यावर येतं. गावातले चार जण एक दिवस ठरवतात, शिवारातल्या देवाला नारळ फोडतात, त्यानंतरच मचाणाचं लाकूड तोडायचं, त्याआधी तोडायचं नाही. मग घरटी माणूस मचाणावर चढतं आणि एकानं हाकललेली पाखरं दुसरा हाकलतो, दुसऱ्यानं हाकललेली तिसरा. पाखरं थोडं इथं खातात, थोडं तिथं, कुणाचंच फार जात नाही. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की भादव्यात दाणा भरला तर राखण कोण करणार, हा विचार कुणाच्याच मनात आला नाही. माझ्या नाही, आत्याबाईंच्या नाही, साहेबांच्या तर नाहीच. भादव्यात आजवर कुणी पिकलेली जवारी पाहिलीच नव्हती.

पाखरांनी मात्र लगेच पाहिली. दहा गावांत दाणा फक्त आमच्याकडे. आधी चिमण्या आल्या, मग त्या बारक्या तपकिरी मुनिया, झुंडीच्या झुंडी, मग राघू. राघू तर खातो कमी आणि नासतो जास्त, कणीस तोडून खाली टाकतो. सकाळी शेतात गेले तर बांधाकडची कणसं नुसती भुसकट झालेली.

मचाण बांधायचं तर ह्यांना धीर होईना. नारळाआधी लाकूड तोडलं तर गाव बोलेल. मी म्हटलं, गाव बोलू दे, पाखरं तर खातायत. पण त्यांनी वेगळाच मार्ग काढला. रिकामी बंडी शेतात मधोमध नेऊन उभी केली आणि बैलं सोडून घरी आणली. ती बंडी माझं मचाण. उजाडायच्या आत मी तिच्यावर चढायची ते दिवेलागणीला उतरायची. एका हातात गोफण, एका हातात डबडं. इकडची झुंड उठवली की ती शेताच्या दुसऱ्या टोकाला बसायची. तिकडे धावले की इकडे. खांदा भरून यायचा, घसा बसला, रागानं डोळ्यात पाणी यायचं. मला वाटायचं, ह्या सगळ्या पाखरांची मान पिरगाळावी. दुपारी आत्याबाई जेवण घेऊन यायच्या आणि मी जेवेपर्यंत बंडीवर चढून ओरडायच्या. त्यांच्या शिव्या पाखरांना की मला, ते समजायचं नाही.

"एक वावर, आन् जगाची पाखरं," त्या म्हणायच्या. "काय खाऊ आता मी? तुहे आकडे खाऊ?"

रोज संध्याकाळी शेताची कड आणखी आत सरकलेली दिसायची. ह्या चालीनं कापणीपर्यंत अर्धंही उरणार नव्हतं, आणि तीच आमची वर्षाची भाकर.

महिन्याच्या फेऱ्याला साहेब आले ते थेट शेतात आले. हातात कॅमेरा. पिकलेल्या कणसांचे फोटो काढायचे होते. मला बंडीवर उभी पाहून हसले. मी हसले नाही. मी त्यांच्या हातात गोफण दिली आणि तेलुगूत विचारलं, "तुमच्या कागदावर पाखरं होती का?"

"नव्हती," ते म्हणाले.

"मग चढा."

ते चढले. बूट काढून, पँट वर दुमडून. त्यांना गोफण काही जमेना. दगड सुटायचा तो आमच्याच कणसांवर पडायचा. शेवटी नुसतं डबडं बडवत उभे राहिले. ऊन चढलं, शर्ट घामानं पाठीला चिकटला, पण उतरले नाहीत. मी कडेनं फिरत राहिले. दुपारी आत्याबाईंनी फडकं सोडून त्यांना भाकर दिली तेव्हा ते खाली आले आणि बांधावर बसले. मला म्हणाले, "आमच्याकडे असंच करतात अम्मा. एक शेतकरी निवडायचा, एका शेतात करून दाखवायचं, बाकीचे बघतील. पाऊस सगळ्यांचा मोजला आणि पेरायला तुम्हाला एकटीला लावलं. हे चुकलं."

मी ते आत्याबाईंना मराठीत सांगितलं. आत्याबाई आजूबाजूला बघत होत्या. शेजारच्या शेतांत उंच जवारी पोटरीतच वाळायला लागली होती, कणीस बाहेर पडायची आशा नव्हती. चारजणांनी वैरणीसाठी कापायलाही घेतली होती. त्या म्हणाल्या, "त्याहिच्या राखणीले या साली हायच काय?"

मला आधी कळलं नाही. त्या उठल्या, पदर खोचला आणि गावाकडे चालायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात पोचले तर बांधावर गल्लीतल्या सहासात बायका गोफणी घेऊन उभ्या. नारळ नाही, मुहूर्त नाही. मचाणं नव्हती म्हणून कुणी दगडाच्या ढिगावर, कुणी बाभळीच्या फांदीवर. शेताच्या चारी कडा धरून त्या हाकारे घालायला लागल्या. पाखरांना बसायला जागाच मिळेना. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी बंडीत बसून पहिल्यांदा पोटभर जेवले.

संध्याकाळी विचारलं, "आत्याबाई, ह्या बायकांना काय कबूल केलं?"

"बी."

"कशाचं बी?"

"कशाचं म्हंजे? ह्याच जवारीचं. राखण करन त्याले पुढच्या पेरणीचं बी. ज्याची ऐपत नाई राखणीची, त्यालेही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. किती घरं, प्रत्येकाला किती बी, मनातल्या मनात हिशोब केला तर आमच्या कणगीत संक्रांतीपर्यंतचीही जवारी उरत नव्हती. जिच्यासाठी मी तोंडाला फेस येईपर्यंत ओरडले, खांदा मोडून घेतला, ती जवारी वाटून टाकायची? मी बोलले, भरपूर बोलले. म्हटलं, तुम्हाला दानधर्म सुचतोय, आपण काय खायचं?

"भात," त्या म्हणाल्या.

"तुम्ही? भात?"

"दानधर्म कोन करून राह्यलं? मले पुढच्या साली हे एकटीनं करायचं नाई. पाखरं आली तं सगळ्याहिच्या वावरात येऊ दे. घरोघरी मी सांगतो, तू तुहं पानी मोजत बस."

भांडण तिथंच संपलं. जवारी मळली. खळ्यावर गल्लीतल्या घरांना पायलीनं बी मोजून दिलं. तेवढ्यात आणखी घरं आली, पलीकडच्या गल्लीतली, त्यांनाही दिलं. उरलेली जवारी संक्रांतीच्या आधीच संपली. मग आमच्या घरी दोन्ही वेळा रेशनचा भात. मला भाताचं काही नव्हतं, मी मुधोळची. पण ताटावर बसलेल्या आत्याबाईंकडे माझ्यानं बघवेना. भात कालवताना त्यांचा हात मध्येच थांबायचा. ताटातली भाजी बोटानं इकडून तिकडे करायच्या. जेवून उठल्यावर थोड्याच वेळात शेंगदाणे शोधत डबे उघडायच्या. तक्रार मात्र माझ्याजवळ केली नाही. मी भाजीत मीठ जास्त घातलं, पाणी गरम दिलं, वाकळ नीट वाळवली नाही, ह्यावर चिडचिड करायच्या. मला कळायचं, हे सगळं भाकरीचं आहे. मी ऐकून घ्यायची. असं ऐकून घेणं माझ्या स्वभावात नाही, पण त्या उन्हाळ्यात घेतलं.

पुढच्या साली ओढ्यापलीकडचं शिवार जवळजवळ सगळं बुटक्या जवारीचं झालं. आत्याबाई खरंच घरोघर फिरल्या होत्या. ज्यांनी बी नेऊन खाऊन टाकलं होतं, त्यांना त्यांनी चारचौघात असं काही सुनावलं की त्यांनी दुसऱ्याकडून मागून आणून पेरलं. भादव्यात सगळं एकदम दाण्यावर आलं. गावानं रीत मोडली आणि गणपतीतच नारळ फोडून मचाणं बांधली. पाखरं आली, पण विखुरली. आमच्या शेतात बोटावर मोजण्याइतकी कणसं गेली. आत्याबाई बांधाबांधानं चालत सगळ्यांची शेतं बघून यायच्या आणि मला विचारायच्या, कवा कापतो? कवा कापतो? मी म्हणायची, दाणा कडक होऊ द्या, घटस्थापनेनंतर कापू.

घटस्थापनेला पाऊस आला.

आदल्या दिवशी दुपारपासून माझं मन लागत नव्हतं. रेडिओवर हैदराबादच्या तेलुगू बातम्यांत समुद्रावरच्या वादळाचं सांगत होते, पण आमच्यापासून समुद्र कुठं? सकाळी काचेचं भांडं भरून वाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी पाणी मोजत होते तर मागं पावलांचा आवाज आला. वळून बघते तर गल्लीतली माणसं अंगणात उभी. बाया, बापे, पलीकडच्या गल्लीतलेसुद्धा. सगळे माझ्या हातातल्या भांड्याकडे बघत होते. त्यांच्यातली एक बाई, जिनं गेल्या साली दगडाच्या ढिगावरून आमची राखण केली होती, ती म्हणाली, "पाऊस लवकर जाते म्हन्लं होतं ना तू? आता सांग. कापू का थांबू?"

उंच जवारी असती तर हाच पाऊस तिला सोनं वाटला असता. तिची कणसं ह्या वेळेला पोटरीत असतात. आमची बुटकी मात्र पिकून उभी होती, आणि पिकल्या कणसावर पाऊस म्हणजे दाणा काळा. साहेबांनी बऱ्याच सालांत पाऊस लवकर जातो म्हटलं होतं, प्रत्येक साली जातो असं म्हटलं नव्हतं. पण हे मी भिजत उभ्या असलेल्या माणसांना कोणत्या तोंडानं सांगणार? साहेबांना गाठायचं तर रस्ता बंद होता. पळून जावंसं वाटलं, खरंच वाटलं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, लोकांसारख्या.

"कापा," मी म्हटलं. "ओली कापा. नुसती कणसं खुडा आणि घरात आणा. रेडिओ अजून पाऊस सांगतोय."

कुणी ऐकलं, कुणी म्हणाले, उद्या उघडेल. आम्ही चिखलातून कणसं खुडून टोपल्यांनी घरी वाहिली. ओसरीत पसरली, माळ्यावर पसरली, चुलीवर बांबूचा तट्टा बांधून त्यावर पसरली. घरात निजायला जागा राहिली नाही. सगळ्या गावात ओल्या जवारीचा आंबूस वास आणि धूर. मी रात्रंदिवस कणसं उलथीपालथी करत होते, बसले तर वाटायचं आत्ता सडेल. पाऊस उघडला तेव्हा ज्यांनी वाट पाहिली त्यांच्या कणसांना उभ्या धाटावरच कोंब फुटले होते. ज्यांनी माझं ऐकलं त्यांची वाचली, पण दाणा काळवंडला तो काळवंडलाच. आमचीही. पिवळ्या दाण्याची सवय असलेल्या डोळ्यांना ती जवारी बघवत नव्हती.

पहिलं पीठ दळून आणलं तेव्हा ते राखेच्या रंगाचं होतं. आत्याबाई चुलीसमोर पाट घेऊन बसल्या. वर्ष होत आलं होतं त्यांना घरची भाकर खाऊन. मी थापली. फाटली नाही, पण तव्यावर पडली आणि आणखी काळी दिसायला लागली. ती मी ताटात वाढली. वाटत होतं, आता ही भाकर ही बाई माझ्या अंगावर फेकणार, आणि फेकली तर मी काही बोलणार नाही. एका साली पाखरांनी, एका साली पावसानं. दोन्ही वेळा शब्द माझा होता.

त्यांनी तुकडा मोडला, ठेच्याला लावला, तोंडात घातला.

"काळी हाय," म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"कडू बी हाय जराशी." आणखी एक तुकडा मोडला. "पन भाकर हाय."

मला रडू फुटलं. चुलीत फुंकायचं निमित्त करून मी तोंड फिरवलं. त्यांनी ती भाकर संपवली आणि ताट पुढं केलं, म्हणून मी दुसरी वाढली.

"पुढच्या साली कोनती पेरायची?" त्यांनी विचारलं. "लोकं मले विचारून राह्यले."

"मला माहीत नाही, आत्याबाई," मी म्हटलं. हे मी त्यांच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेल.

त्या जेवतच होत्या. "मंग माहीत करून घे," म्हणाल्या. "पेरनीले येळ हाय अजून."